चौघांचीं गाणीं : एक तुलना

मोरोपंतांची आर्या सरस कीं वामनपंडितांचा श्लोक, हा वाद मराठी रसिकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या 'बीटल्स' या चार तरुणांच्या वृंदाविषयींहि असाच वाद अद्याप चालू आहे. 'लव्ह मी डू' ही त्यांची तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्यें निघाली. १९७० सालीं वृंद मोडला. या आठ वर्षांत त्यांनीं दोनशेंहून अधिक गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. त्यांत कोणाचीं गाणीं श्रेष्ठ, हें ठरविण्यापूर्वीं कोणतें गाणें कोणाचें, हें ठरविलें पाहिजे. आणि खरी अडचण तेथेंच आहे.

जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांनीं किशोरवयांतच करार केला होता कीं, दोघांपैकीं कोणीहि गाणें रचलें तरी तें दोघांच्या नांवानें प्रसिद्ध व्हावें. त्यामुळें १९६५ सालचें 'यस्टर्डे' हें सर्वस्वीं मॅकार्टनीचें गाणेंहि जोडनांवानेंच निघालें. वस्तुतः त्याच्या ध्वनिमुद्रणांत इतर तिघांपैकीं एकानेंहि वाद्य वाजविलेलें नाहीं. सामान्यतः ज्यानें मुख्य गायन केलें त्याची ती रचना, एवढी खूण मात्र बहुतेक ठिकाणीं उपयोगी पडते.

या दोघांची तुलना करण्यास फेब्रुवारी १९६७ ची एक तबकडी पुरेशी आहे. तिच्या एका बाजूस लेननचें 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' व दुसऱ्या बाजूस मॅकार्टनीचें 'पेनी लेन' आहे. दोन्ही गाण्यांचा विषय लिव्हरपूलमधील बालपण हाच. परंतु मॅकार्टनी रस्त्यांत उभा राहून न्हावी, सावकारी पेढीवरला गृहस्थ, आगीचा बंब धुणारा शिपाई अशीं माणसें एकामागून एक दाखवितो. त्याची चाल ऐकतांक्षणींच ओठांवर येते. लेनन मात्र घराजवळच्या अनाथाश्रमाच्या बागेचें नुसतें नांव घेतो आणि स्वतःच्या मनांत उतरतो. त्या गाण्याचीं दोन निरनिराळ्या लयींतील व निरनिराळ्या स्वरांतील ध्वनिमुद्रणें वेग कमीअधिक करून एकत्र सांधलेलीं आहेत. आणि तो सांधा त्या स्वप्नवत् वातावरणास शोभूनच दिसतो. स्वररचनेच्या सौष्ठवांत मॅकार्टनी पुढें, तर अनुभवाच्या खोलींत लेनन पुढें, असाच निर्णय येथें द्यावा लागतो.

जॉर्ज हॅरिसन याची हकीकत निराळी आहे. वयानें तो चौघांत सर्वांत लहान. १९६३ सालीं त्याचें पहिलें गाणें निघालें. १९६४ सालीं इंग्लंडांत निघालेल्या दोन्ही संग्रहांत त्याचें एकहि गाणें नाहीं. पुढेंहि संग्रहामागें एक-दोन, फार तर तीन-चार, एवढाच वांटा त्यास मिळे. पंडित रविशंकरांजवळ तो सतार शिकला. जानेवारी १९६८ मध्यें त्यानें मुंबईस हिंदी वादकांकडून 'द इनर लाइट' या गाण्याचें वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करून घेतलें. मार्चमध्यें तें 'लेडी मॅडोना'च्या मागल्या बाजूस निघालें. वृंदाच्या सुट्या तबकडीवर त्याच्या रचनेस मिळालेलें तें पहिलें स्थान होय, आणि तेंहि मागल्या बाजूचें!

यानंतर दीड वर्षानें 'अ‍ॅबी रोड' हा संग्रह निघाला. त्यांतील सतरा गाण्यांपैकीं हॅरिसनचीं दोनच, 'समथिंग' व 'हिअर कम्स द सन'. परंतु संग्रहाचें नांव निघतांच आज बहुतेकांस प्रथम तींच आठवतात. 'समथिंग' हें संग्रहांतील सर्वोत्तम होय, असें लेननचेंहि मत होतें. तरीहि दैव पाहा : फ्रँक सिनात्रासारख्या नामांकित गायकानें तें गातांना लेनन-मॅकार्टनींचें म्हणून श्रोत्यांस सांगितलें. वृंद मोडला त्याच वर्षीं हॅरिसननें तीन तबकड्यांचा स्वतंत्र संग्रह काढला. त्याचें शीर्षकगीत पूर्वीं वृंदापुढें ठेवलेलें होतें. पण त्या वेळीं त्यास जागा मिळालेली नव्हती.

रिंगो स्टार याचीं स्वतःचीं गाणीं दोनच. त्यांवरून त्याची परीक्षा करणें अन्यायाचें होईल. त्याची योग्यता ढोलांच्या संयमी साथींत आहे, व ती सर्वांच्याच गाण्यांत मिसळलेली आहे.

तेव्हां क्रम लावावयाचाच तर उत्तम गाण्यांच्या संख्येनें मॅकार्टनी पहिला, अस्सलपणानें लेनन पहिला. आणि मिळालेल्या संधीच्या मानानें हॅरिसनची कामगिरी दोघांहून कमी नाहीं. पण एकच गाणें शिरोभागीं ठेवावयाचें झाल्यास १९६७ सालचें 'अ डे इन द लाइफ' ठेवावें. त्याचा आरंभ व शेवट लेननचा, मधला भाग मॅकार्टनीचा, आणि दोहोंमध्यें चाळीस वादकांचा चढत जाणारा कल्लोळ आहे. एकट्या लेननला अथवा एकट्या मॅकार्टनीला तें साधलें नसतें. जोडनांवाच्या करारानें कोणाचें काय, हें कळणें कठीण केलें हें खरें. परंतु या एका गाण्यापुरता तो करार अक्षरशः खरा ठरला. ज्याचें नांव त्या करारांत नव्हतें, त्याचे गुण मात्र श्रोत्यांनींच आठवणीनें नोंदले पाहिजेत.