ओरत्तनाडूचे छत्र आणि कलाव्याख्यानांची परंपरा

(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शाळेचा महोत्सव आला की व्याख्याने होतात आणि त्यांत एखादे तरी कलेवर असते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, तेव्हापासून ही रीत महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे. परंतु कोणते व्याख्यान ऐकणाऱ्याच्या आयुष्यात मुरते आणि कोणते आभारप्रदर्शनाबरोबर संपते? या प्रश्नाचे उत्तर कावेरीच्या मुलखात, तंजावर प्रांतात, फार चांगले सापडते. तेथे भोसल्यांचे राज्य सुमारे पावणेदोनशे वर्षे, १८५५ पर्यंत, टिकले. मराठी हा दरबाराचा व्यवहार होता. भोवतालच्या प्रजेची भाषा तमिळ होती आणि संगीताची तेलुगू. अशा ठिकाणी कलेविषयी बोलायचे म्हणजे कोणाशी, कोणत्या भाषेत आणि कशा रीतीने, हा विचार पदोपदी करावा लागे.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव आहे. दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे अन्नछत्र बांधले. रामेश्वरच्या यात्रेकरूंची ही वाट. छत्र म्हटले की पंगत आठवते. परंतु तंजावरच्या छत्रांचा अर्थ त्याहून मोठा होता. महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला छत्रांच्या कारभाराविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषधोपचार आणि शुश्रूषा, वेदांचे अध्यापक, मुलांसाठी पंतोजी, अशी व्यवस्था त्यात वर्णिली आहे. परमुलखातील अनाथ मुलांना पंतोजींच्या हवाली करावे, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवू घालावे, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालावे, इतका बारकावा त्यात आहे. ओरत्तनाडूच्या छत्रातही मोफत पाठशाळा चालत असे. आधी पोटाला अन्न, मग अक्षर, असा हा क्रम होता. ऐकणाऱ्याला प्रथम पाहुणा मानावे, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा याच राजाच्या लेखणीतून मिळतो. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी कुरव स्त्री नायिकेपुढे येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते, हात पाहते, असा त्याचा ठरलेला साचा. सरफोजींनी तो साचा घेऊन मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली आणि कुरवंजीच्या तोंडून इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगितला. खंडे, देश, समुद्र हे सारे गाण्यातून प्रेक्षकांपुढे आले. नवे ज्ञान, घराची भाषा आणि शेजाऱ्याचा नाट्यप्रकार यांचा असा मेळ आजच्या पाठ्यपुस्तकांनाही सहज साधत नाही.

राज्य गेले; परंतु बोलणे थांबले नाही. समर्थसंप्रदायाच्या मठांमुळे कीर्तन या प्रांतात आधीच रुजले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी रसिकांना वेड लावले. ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची बांधणी तमिळ कथाकालक्षेपात आणली. पुढे सी. सरस्वतीबाई यांनी विरोध सोसून, पुरुषांचेच मानले गेलेले हे व्यासपीठ स्त्रियांना खुले केले. आख्यानाची भाषा बदलली, परंतु साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद आणि निरूपण, पंचपदी हे शब्द तमिळ हरिकथेत राहिले. हट्टाने मराठीतच सांगितली असती तर ही कथा दोन पिढ्यांत श्रोत्यांना मुकली असती. मराठी छंद सोडून दिले असते तर ती तंजावरची राहिली नसती. काय बदलावे आणि काय जपावे, याची जाण त्या कथेकऱ्यांना होती.

यानंतर येते ती सभा. तंजावरचे अब्राहम पंडितर हे व्यवसायाने सिद्धवैद्य, धर्माने ख्रिस्ती आणि संगीताचे निस्सीम अभ्यासक. त्यांनी १९१२ मध्ये ‘संगीत विद्या महाजन संघम’ स्थापन करून पदरखर्चाने परिषदा भरवल्या. विद्वान आणि गायक-वादक एकत्र बसत, निबंध वाचले जात, श्रुतींच्या संख्येवर वाद रंगत. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडितर तेथे गेले. त्यांनी आपला श्रुतिविचार मांडला आणि त्यांच्या कन्यांनी तो प्रत्यक्ष गाऊन दाखवला. त्यांचे मत सर्वांना पटले नाही. तरी कलेवरचे विधान श्रोत्यांच्या कानापुढे पारखून घेण्याची ही रीत मोलाची आहे. पुढे १९१७ मध्ये ‘करुणामृत सागरम्’ हा त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

छत्र, कुरवंजी, कथा आणि सभा यांतून एकच गोष्ट दिसते. कलेवरील बोलणे टिकले ते आतिथ्य, प्रात्यक्षिक आणि श्रोत्याच्या भाषेचा मान यांच्या बळावर.

मराठी माध्यमाच्या शाळेला हे सांगण्याचे कारण उघड आहे. तंजावरच्या मराठी घरांत आजही दक्षिणी मराठी बोलली जाते. परंतु अनेक मुलांचे लिहिणे-वाचणे तमिळ आणि इंग्रजीत होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख उभा आहे, सरस्वती महालात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. ते वाचू शकणारे डोळे मात्र थोडे. भाषा घरात उरली आणि शाळेतून गेली की काय होते, ते तेथे दिसते. महाराष्ट्रातही मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले असताना हे दूरचे दुःख राहत नाही.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांनी व्याख्यानमाला अवश्य भरवावी. परंतु तंजावरच्या रीतीने. वक्त्यासोबत गाणारा, वाजवणारा, चित्र काढणारा असावा. पुढच्या रांगेत पाहुण्यांऐवजी मुले बसावीत आणि पहिला प्रश्न त्यांचा असावा. शेजारच्या अन्य भाषिक घरांनाही आमंत्रण जावे. वर्षातून काही दिवस मोडी लिपीचा वर्ग चालावा. तिची तोंडओळख चिकाटीच्या विद्यार्थ्याला थोड्या आठवड्यांत होते. खर्च फारसा नाही. लागतो तो नेम. सरस्वती महालातील एखादा रुमाल उद्या सोडणारा हात याच शाळेच्या बाकावर घडू शकेल.