खिडकीतले खोटे लाकूड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा माझा विषय ऐकून दोघी-तिघी हसल्या, ते मी पाहिले. संस्कार, आरोग्य, बचत हे विषय सोडून ही बाई खिडकीच्या पट्ट्यांवर काय बोलणार! पण काटोलच्या वैशाखात पश्चिमेच्या खोलीत ज्या बाईने दुपार काढली आहे, ती हसणार नाही. आपल्या नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्या दिवशी कोणाला पडद्याचा रंग सुचला असेल?

आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना सागवानी झिलमिली होत्या. आडव्या पट्ट्या आणि मधोमध एक उभी दांडी. दांडी सरकवली की पट्ट्या तिरप्या होत; वारा आत येई, ऊन बाहेर राही. उन्हाळ्यात बाहेरून वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर पाणी शिंपडण्याचे काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलेले होते. पाणी विहिरीचे, हात माझे! घर नव्याने बांधले तेव्हा सागवानाचा भाव ऐकून ह्यांनी कानाला हात लावले. मग सरकत्या काचा आल्या, आणि त्यांच्या आतून लावण्यासाठी सूनबाईने लाकडासारखे दिसणारे ब्लाइंड्स पसंत केले. लाकूड कसले, पी. व्ही. सी.च्या पट्ट्या! वर लाकडाच्या रेषा उठवलेल्या.

मी नाक मुरडले, हे कबूल करते. खोटे लाकूड म्हणजे खोटे दागिने, असे माझे मत होते. ते स्वयंपाकघरापुरते तरी मला बदलावे लागले. फोडणीचा तेलकट थर ओल्या फडक्याने निघतो, पावसाळ्यात पट्टी फुगत नाही, वाळवी तिच्याकडे फिरकत नाही. न्हाणीघराच्या खिडकीलाही हेच उत्तम. खऱ्या लाकडाची पट्टी तेथे वाकडी होते.

परंतु ह्या पट्ट्या लाकडापेक्षा जड असतात. रुंद खिडकीला एकच लांब ब्लाइंड लावला तर पट्टी मध्ये झोल खाते आणि वर ओढताना दम लागतो. त्यापेक्षा दोन वेगळे घ्यावेत. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा व सर्वांत कमी भरेल ती सांगा. आपल्याकडच्या भिंती गवंड्याच्या मर्जीने सरळ असतात.

आमची मोठी चूक पश्चिमेच्या खिडकीत झाली. तेथे गडद तपकिरी ब्लाइंड काचेला अगदी चिकटून बसवला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या पट्ट्या पापडासारख्या वाकल्या. पी. व्ही. सी. साधारण 75 ते 80 अंशांना मऊ पडू लागते. दुपारभर बंद असलेल्या काचेमागे गडद पट्टी किती तापत असेल ते तुम्हीच ताडा. शिवाय ऊन एकदा काचेतून आत आले की ते पट्टीवर अडले काय आणि जमिनीवर अडले काय, उष्णता खोलीतच राहते. ते काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. आता त्या खिडकीला बाहेरून बुरुडाकडचा कामट्यांचा पडदा आहे. दिसायला साधा, पण सासूबाईंच्या ताटीचा तो खरा वारस.

गंमत म्हणजे सर्वांत महाग ब्लाइंड आम्ही दक्षिणेच्या दिवाणखान्यात लावला होता, पाहुण्यांना दिसावा म्हणून! काटोल एकवीस अक्षांशाच्या जरा वर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन येतच नाही. ते येते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते आपल्याला हवेच असते. उन्हाळ्यात त्रास पूर्वेचा आणि त्याहून पश्चिमेचा. पैसा खर्चायचा तो तिकडे.

स्वस्त मालाविषयी एक सांगते. 1996 साली अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला परदेशांतून आलेल्या काही प्लॅस्टिकच्या ब्लाइंड्समध्ये शिसे सापडले. प्लॅस्टिक टिकावे म्हणून ते घातलेले होते. उन्हाने पट्टीचा पृष्ठभाग झिजला की शिशाची धूळ पट्टीवर साचे, आणि लहान मुलांचे हात तेथून तोंडात जात. तेव्हा शिसे नसल्याचे दुकानदाराकडून लेखी घ्या. देत नसेल तर उठून या.

आता जे सांगण्यासाठी मी उभी राहिले ते. आमचा नातू तीन वर्षांचा असताना एका दुपारी पलंगावर उभा राहून खेळत होता. ब्लाइंड ओढण्याच्या दोरीचा खाली लोंबता फास त्याने हारासारखा गळ्यात घातला आणि मला म्हणाला, "आजी, माझं लग्न!" पाय घसरला तेव्हा मी दोन हातांवर होते. दोन खोल्यांवर असते तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. अशा दुर्घटनांमुळेच 2018 मध्ये अमेरिकेत तयार विक्रीच्या ब्लाइंड्सना दोरी नसावी, किंवा ती मुलांच्या हाती लागू नये, असे मानक झाले. आपल्याकडेही बिनदोरीचे मिळतात. मागावे लागतात, थोडे महाग पडतात. जुने असतील तर दोरी उंच खुंटीला गुंडाळा आणि पलंग, पाळणा, खुर्ची खिडकीपासून दूर सरकवा. हे आज घरी गेल्यावरच करा, चहा नंतर.

आम्ही तो फास त्याच रात्री कात्रीने कापला. तेव्हापासून तो ब्लाइंड नीट वर जात नाही, एका बाजूला कलतो. पाहुणे विचारतात, सूनबाई बदलून घेऊ म्हणते. मी म्हणते, राहू दे.