उपच्छायेतील मेंदू



श्रीवर्धनच्या एखाद्या घरात पहाटे वडीलधारी व्यक्ती जागी होते, तो उजवा हात उचलत नाही, जीभ अडखळते. झटका झोपेत केव्हा आला, हे कोणालाच सांगता येत नाही. पूर्वी अशा रुग्णाची वेळ टळली असेच मानले जाई. कारण गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते. घड्याळाच्या या निर्णयाला मेंदूतील रक्तप्रवाहाच्या चित्रणाने, म्हणजेच परफ्युजन स्कॅनने, नवा पर्याय दिला.

निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागास मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशींचे काम थांबते. १० च्या आसपास आले की पेशी मरू लागतात. या दोहोंमधील मूक, परंतु जिवंत भागाला आस्ट्रुप, सायमन व सिस्यो यांनी १९८१ साली ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले. पावसाने ओढ दिली की भाताची काही रोपे करपतात, तर काही नुसती माना टाकतात. शेजारच्या खाचरातून पाझरणाऱ्या पाण्यावर ही दुसरी रोपे काही काळ तग धरतात. मेंदूतही शेजारच्या रक्तवाहिन्या हेच कार्य करतात, आणि ते प्रत्येकाच्या ठायी सारखे नसते.

या तपासणीत हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन सुमारे मिनिटभर मेंदूची लागोपाठ चित्रे घेतात. ते कोठे किती व किती उशिरा पोहोचले, हे संगणक मोजतो. जेथे प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांहून कमी, तो भाग बहुधा गेलेला. जेथे विलंब ६ सेकंदांहून अधिक, तो धोक्यात. या दोहोंतील अंतर म्हणजे वाचविता येण्याजोगा मेंदू.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डिफ्यूज-३ या अमेरिकी अभ्यासात अशा चित्रणावरून १८२ रुग्ण निवडले गेले. झटक्यानंतर ६ ते १६ तासांत तारेच्या साहाय्याने गुठळी काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वावलंबी होते. केवळ औषधे दिलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते.

तथापि हे भाकीत अचूक नव्हे. अगदी लवकर रक्तप्रवाह सुरू झाल्यास मृत ठरविलेला भागही कधी वाचतो. लहान, खोलवरचे आघात चित्रातून निसटतात. म्हणूनच लवकर पोहोचलेल्या रुग्णाचे औषध या तपासणीसाठी रोखू नये.

रायगडच्या किनाऱ्याला खाड्यांनी छेदले आहे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. तरीही दक्षिणेकडील गावांना मोठे रुग्णालय दूरच आहे. उशिरा येणाऱ्यास मिळालेली ही सवलत म्हणजे विलंबाचा परवाना नव्हे.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा गेली, तर तेलमालीश करीत बसू नये, तोंडात पाणी वा औषध घालू नये. १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्णास शेवटचे धडधाकट कोणी, किती वाजता पाहिले, ते कागदावर लिहून सोबत द्यावे. डॉक्टरांच्या लेखी त्या एका ओळीचे मोल चित्राइतकेच आहे.