हिशेबाबाहेरचा खर्च

राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत असल्याने मानसिक आरोग्यसेवेच्या भावी खर्चाची चर्चा करणारी ही परिषद याच शहरात व्हावी, हे उचितच आहे.

हा खर्च केवळ शासकीय अंदाजपत्रकात शोधला, तर तो लहानच दिसतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार होता, आणि उपचारांतील तफावत, म्हणजे गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण, बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक होते. उपचारच न झाल्याने जो पैसा खर्ची पडत नाही, त्याला बचत म्हणता येत नाही. बुडालेली मजुरी, सुटलेली नोकरी आणि अर्धवट राहिलेले शिक्षण या रूपांनी तो कुटुंबाकडून वसूल होतोच. अर्थशास्त्रात यास अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. २०१२ ते २०३० या काळात मानसिक आजारांमुळे भारताचे १.०३ लाख कोटी डॉलरचे आर्थिक नुकसान होईल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या अप्रत्यक्ष खर्चाचे उदाहरण जवळचेच घ्या: मंडणगड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. तेथील रुग्णाला महिन्याच्या गोळ्यांसाठी रत्नागिरीस यावयाचे झाले, तर गोळ्या मोफत मिळाल्या तरी एसटीचे भाडे दोघांचे पडते आणि रोजही दोघांचा बुडतो. सोबत येणारी व्यक्ती बहुधा आई किंवा पत्नी असते. तिने वर्षानुवर्षे केलेल्या शुश्रूषेचे मोल कोणत्याही खातेवहीत चढत नाही. उद्याच्या खर्चातील सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे, आणि तरुण मुंबई-पुण्यास गेल्यामुळे वृद्धांच्या भरवशावर राहिलेल्या कोकणातील घरांत, स्मृतिभ्रंशाच्या आजारांमुळे, तो वाढतच जाणार आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराइतकेच संरक्षण देणे बंधनकारक केले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु आरोग्यविमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो आणि मनोरुग्णांचे बहुतांश उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असलेल्या टेलिमानस सेवेमुळे समुपदेशन घरबसल्या मिळू लागले असले, तरी नियमित औषधे आणि तपासणी तालुक्याच्या रुग्णालयातच मिळाल्याखेरीज कुटुंबावरील भार हलका होणार नाही. म्हणूनच पहिल्या सत्रातील पहिली वेळ शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवली असून, तज्ज्ञांचे निबंध त्यानंतर वाचले जातील.