मोहरीच्या बियाण्याची निवड : दिसणारा फरक आणि बियांत उतरणारा फरक



मोहरी कापणीला आली की बांधालगतचे, शेंगांनी लवलेले एखादे झाड नजरेत भरते. ‘पुढच्या वर्षी याचेच बी धरू’ असे मनात येते. नेमक्या याच झाडापासून सावध राहावे, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

बांधालगतच्या झाडाला एका बाजूने शेजारी नसतो. ऊन, ओल आणि खत त्याच्या वाट्याला अधिक येते, म्हणून ते फोफावते. हा मोठेपणा जमिनीने दिलेला असतो. तो बियांत उतरत नाही. डेन्मार्कच्या योहानसेन यांनी 1903 मध्ये घेवड्यावरील प्रयोगांतून हेच दाखविले. एकाच शुद्ध वंशातील मोठे दाणे निवडून पेरले, तरी पुढची पिढी मोठ्या दाण्यांची झाली नाही. बियाण्यात मुळातच आनुवंशिक विविधता असेल, तरच निवडीला अर्थ असतो.

ती विविधता मोहरीत आहे. आपण ग्वाल्हेर-चंबळ भागात जिला सरसों म्हणतो, ती 36 गुणसूत्रांची राई-मोहरी आहे. तोरियाच्या जातीची 20 आणि काळ्या मोहरीची 16 गुणसूत्रे तिच्यात एकत्र आली आहेत. ती बहुतांशी स्वपरागित असली, तरी मधमाश्या काही फुलांचा संकर घडवून आणतात. म्हणूनच कानपूरच्या ‘वरुणा’ वाणातून निवड करून ‘रोहिणी’ हा वेगळा वाण काढता आला. ‘पुसा जय किसान’ही वरुणाच्याच ऊतिसंवर्धनातून निघाला.

येथेच मला एक चिंता वाटते. वरुणा उत्तम वाण खरा. पण एकाच घराण्याची संतती सर्व शिवारात पसरली, तर त्या घराण्याचा दोषही सर्वत्र पसरतो. वरुणा पांढऱ्या तांबेऱ्याला बळी पडतो. मुरैना केंद्राने तांबेऱ्याला तोंड देणारा ‘जवाहर मस्टर्ड-1’ काढला, त्याचे महत्त्व यातच आहे. जुने गावठी बी कोणाच्या घरी कणगीत असेल, तर ते फेकू नका. कृषी संशोधन केंद्राला त्यातील मूठभर द्या.

सर्व गुण सारख्याच सहजतेने हाती येत नाहीत. तेलातील इरुसिक आम्लाचे प्रमाण प्रामुख्याने दोन जनुकांवर ठरते. त्यामुळे हे आम्ल कमी असलेला ‘पुसा करिश्मा’ दिल्लीच्या संस्थेला 2004 मध्ये देता आला. त्याची परीक्षा मोठी गमतीची आहे : बीचा अर्धा भाग तपासायचा आणि अंकुर असलेला अर्धा पेरायचा! उत्पन्नाचे तसे नाही. ते अनेक जनुकांवर आणि हवामानावर अवलंबून असते. झाडावरील शेंगांची संख्या अंतर बदलले की बदलते. त्या मानाने हजार दाण्यांचे वजन अधिक भरवशाचे असते.

तेव्हा निवड अशी करावी. बांध, पाट आणि विरळ जागा सोडून शेताच्या मध्यभागी जावे. चाळीस-पन्नास निरोगी झाडे निवडावीत. शेजारची झाडे तितकीच दाट असताना जे सरस दिसते, तेच झाड घ्यावे. प्रत्येकाचे बी वेगळ्या पुडीत ठेवून पुढील हंगामात प्रत्येकाची वेगळी ओळ लावावी आणि मग ओळीला ओळ ताडून पाहावी. एकट्या झाडाने फसविले असेल, तर त्याची ओळ ते उघड करते. हे काम स्वपरागित वाणांसाठीच आहे. संकरित वाणाचे बी घरी धरू नये, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात.

गुरुजनांना एक विनंती आहे. मुलांना शेतात नेऊन बांधावरची दहा आणि मधली दहा झाडे घ्यावयास सांगा. शेंगा मोजा, हजार दाणे तोला आणि आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ते पाहावयास पालकांनाही बोलवा. पेरणीपूर्वी बोलाविलेत, तर अधिक बरे.