दातांचा आधार आणि निसर्गाची नक्कल

(उमरगा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्या आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करीत आणि दिवसातून चार-पाच वेळा ती दातांस लावीत. पन्नाशीत त्यांचे दात हलू लागले व एकामागून एक हातात आले. त्यांस कीड मुळीच लागलेली नव्हती; धड दात मुळासकट निघाले. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून पडला आहे.

दात हा जबड्यात खुंटीप्रमाणे ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर, भोवती हाड, आणि या दोहोंस सांधणारे असंख्य सूक्ष्म तंतू, अशा झोळीत तो टांगलेला असतो. जंतूंचा थर हिरडीच्या कडेने आत उतरला की शरीर त्याच्याशी झुंजते, आणि त्या झुंजीत तंतू तुटतात व हाड झिजते. यासच आपण पायोरिया म्हणतो. तो बहुधा दुखत नाही, आणि तंबाखूने हिरडीतून रक्त येणेही कमी होऊ शकते. म्हणजे चोराने आधी कुत्रेच गप्प करावे, तसे होते.

मुळे साफ केल्याने रोग थांबतो, परंतु गेलेला आधार सहसा परत येत नाही. याचे कारण मौजेचे आहे. जखम भरू लागताच हिरडीच्या वरच्या पेशी वेगाने धावून मुळालगतची जागा बळकावतात; तंतू निर्माण करणाऱ्या पेशी संथ, त्यांस जागाच उरत नाही. पेरलेली तूर उगवण्यापूर्वी हराळीने रान व्यापावे, तसा हा प्रकार. १९८२ साली स्वीडनमधील नायमन, लिंडे प्रभृती संशोधकांनी मध्ये पातळ पडदा घालून या पेशींस अडविले, आणि माणसाच्या दाताभोवती नवा आधार निर्माण होऊ शकतो, हे दाखविले.

पुढे निसर्गाचीच नक्कल करणारी द्रव्ये आली. आपोआप विरणारे कोलाजेनचे पडदे आले; ते बहुधा गाय वा डुकराच्या शरीरातून घेतात. हाडाची पोकळी भरण्याचे खनिज कण काही गुरांच्या हाडांपासून, काही कारखान्यात तयार होतात. दात घडताना मुळाशी जी प्रथिने कार्य करतात, ती डुकराच्या कोवळ्या दातांतून काढून वापरण्याची रीतही गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली.

येथे सभेत कुजबूज होणार, हे आम्ही जाणतो. आमचे मत असे की, द्रव्य कशाचे आहे हे दंतवैद्याने आधी सांगावे आणि रोग्याने निःसंकोच विचारावे. निर्णय ज्याचा त्याने करावा. परंतु लाजेखातर उपचारच टाळणे आम्हांस पटत नाही. ज्यांस प्राणिज द्रव्य नको, त्यांच्यासाठी कृत्रिम कण आहेत. शिवाय रोग्याचेच थोडे रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातील फायब्रिनचा पापुद्रा जखमेत ठेवण्याची पद्धत २००१ साली फ्रान्समधील शुक्रून यांनी मांडली. त्यातील रक्तकणिका भरून येण्यास चालना देणारी द्रव्ये सोडतात. पापुद्रा मात्र काही दिवसांतच विरतो. तो पडद्याची सर्व कामगिरी बजावील, असे मानू नये.

या द्रव्यांस मर्यादाही आहेत. अरुंद, खोल, तीन बाजूंस हाड शिल्लक असलेल्या खड्ड्यात ती उत्तम गुण देतात. सर्वत्र सपाट झिजलेले हाड त्यांनी पुन्हा उभे राहत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल वा तंबाखू चालूच असेल, तर खर्च बव्हंशी वाया जातो. म्हणून दात हलण्याची वाट न पाहता लातूर वा सोलापूरच्या दंतमहाविद्यालयात हिरडीची खोली मोजून घ्यावी. सळईसारख्या बारीक साधनाने ती पाच मिनिटांत मोजतात. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत असते.

सभेपूर्वी एका वृद्ध भगिनींनी आम्हांस विचारले, "साठीनंतर मिश्री सोडून काय उपयोग?" गेलेले हाड त्याने येणार नाही, परंतु जे आहे त्याची झीज मंदावते, आणि त्यांच्या तोंडात, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, अद्याप अकरा दात आहेत.