एसी १८ वर आणि अंगावर रजई

आज माझ्याच कामाबद्दल बोलतो. मी तैवानमध्ये एका चिपच्या कारखान्यात आहे. चिप मी बनवत नाही हां, मी चिलर सांभाळतो. आई गावात सांगते, ‘पोरगा तिकडे एसी बघतो.’ तसं फार चुकीचं नाही ते.

आधी एक हिशोब. तुमच्या फोनमधली चिप सिलिकॉनच्या ज्या चकतीवर बनते तिला वेफर म्हणतात. बटाट्याचं नाही! ही चकती ३०० मिलिमीटर रुंद असते. तापमान १ अंशाने वाढलं की ती साधारण ७८० नॅनोमीटर पसरते. आणि थरावर थर छापताना चूक चालते जेमतेम काही नॅनोमीटरची. म्हणजे अंशाचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी ८ नॅनोमीटर गेले. म्हणून मशीनला जाणारं पाणी आणि खोलीतली हवा, दोन्ही जपावं लागतं.

हे जपायची जुनी पद्धत ऐका. कॉम्प्रेसर कायम फुल स्पीडला, आणि जास्त झालेला गारवा हीटरने मारायचा. हवेचंही तेच. इथला उन्हाळा कोकणासारखा दमट. ओल काढायला हवा आधी खूप गार करायची, मग तीच तापवून २२ अंशांवर आणायची. म्हणजे एसी १८ वर लावून रजई घेण्यातला प्रकार. दोन्हीकडून बिल!

पहिल्या वर्षी मला हे बघवेना. एका चिलरच्या हीटरची पॉवर मी कुणाला न विचारता कमी केली. अर्ध्या तासात पाण्याचं तापमान झोके घ्यायला लागलं. अलार्म झाला, मशीन थांबलं, आतल्या वेफर तपासणीसाठी बाजूला काढाव्या लागल्या. मला वाटलं, नोकरी गेली. सीनियर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हीटर चोर नाही. कॉम्प्रेसरला हळू चालता येत नाही, म्हणून हीटर लागतो.’

ते वाक्य डोक्यात बसलं. नंतर त्या चिलरला इन्व्हर्टर कॉम्प्रेसर लागला. आता जेवढी उष्णता येते तेवढाच गारवा तयार होतो, हीटर फक्त शेवटचा बारीक फरक भरून काढतो. हवा पुन्हा तापवायला चिलरचीच बाहेर फेकली जाणारी उष्णता वापरतो. आणि गार पाण्याच्या लाइन दोन केल्या: ओल काढायला ६ अंशांच्या आसपासची, बाकी कामाला १२ च्या आसपासची. पाणी जितकं कमी गार करायचं, तितके कॉम्प्रेसरचे कष्ट कमी.

गंमत म्हणजे वीज वाचली आणि तापमान आधीपेक्षा जास्त स्थिर झालं. मी समजत होतो की अचूकपणा हवा तर वीज जाळावीच लागते. तसं नसतं. वीज जात होती ती गारवा आणि हीटर यांच्या भांडणात.

तर आज रात्री रजई ओढण्याआधी एकदा रिमोटकडे बघा. चला, भेटू पुढच्या भागात!